व्हेनिसची गेटं गोदावरीला? जरा थांबा

"व्हेनिसने समुद्राला गेट लावून पूर कायमचा संपवला, तशीच गेटं गोदावरीला लावा, नांदेड वाचेल," असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यातलं गेटाचं तेवढं खरं आहे.

तिथल्या प्रकल्पाचं नाव 'मोसे'. खाडीच्या तीन तोंडांशी 78 पोकळ पोलादी दरवाजे पोटात पाणी घेऊन तळाशी आडवे पडलेले असतात. मोठी भरती येणार असं दिसलं की त्यांत दाबाची हवा सोडतात, आतलं पाणी बाहेर पडतं आणि ते पिवळे दरवाजे उभे राहतात. भरती अडवायला ते पहिल्यांदा 3 ऑक्टोबर 2020 ला उठले. पण त्याच वर्षी 8 डिसेंबरला अंदाज चुकला, दरवाजे उचललेच नाहीत आणि पाणी 138 सेंटिमीटरवर गेलं. पूर कायमचा संपला म्हणे!

आता नांदेडचं. भरती काही तासांत ओसरते, तेवढा वेळ दार लावून धरता येतं. नदीचं तसं नसतं. जायकवाडी, येलदरी-सिद्धेश्वर या वरच्या धरणांचं पाणी मागून येतच राहतं. गेट लावलं तर ते वरच्या गावांत शिरेल. म्हणून तर नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे पुरात उघडावे लागतात, आणि खाली तेलंगणातलं पोचमपाड धरण तुडुंब असलं की पाण्याला पुढे वाटच नसते. भांडायचंच तर दोन्ही राज्यांनी धरणांतलं पाणी केव्हा, किती सोडायचं यावर भांडा, आणि निळ्या पूररेषेतल्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्यातल्या प्लॉटिंगवर.