फ्यूज उडतोय? चूक फ्यूजचीच!

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणायला लागला, म्हणजे सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरीच केलेली वायरिंग लागू पडली. एखादा जाणकार सांगेल, की अर्थिंग ढिली आहे, करंट दुसऱ्या बल्बातून वाट काढतोय. त्याचं ऐकून एक बोल्ट आवळलात तर गाडी लगेच बरी होईल, आणि उरलेल्या सुट्टीत करायचं काय?

त्यापेक्षा फ्यूजकडे वळा. लाल 10 ॲम्पिअरचा उडाला की निळा 15 चा घाला. तोही उडाला की पिवळा 20 चा, मग हिरवा 30 चा. हिरवाही टिकला नाही तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठोसा. चांदी सहसा उडत नाही. उडायचं काम मग वायर करते, तेही डॅशबोर्डच्या आत, जिथं हात पोचत नाही. वायरीला किती करंट झेपेल ते बघून कंपनीनं फ्यूज ठरवलेला असतो म्हणे. कंपनीला काय कळतंय!

हेडलाइटला 60/55 वॉटचे बल्ब असतात. परभणीच्या जिंतूर रोडला रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली पुढ्यात येते, तेव्हा 100/90 चे हवेतच. रिले, म्हणजे जड करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा खटका, मात्र बसवू नका, उगाच खर्च. दोन्ही बल्बांचा मिळून सोळा ॲम्पिअरच्या वरचा करंट स्टेअरिंगखालच्या नाजूक स्विचमधून जाऊ द्या. वास आला तर काच खाली करा.

जोड द्यायचा तो दोन तारा पिळून, वरून काळी टेप. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे उगीच नाही; इथं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून वर. टेपचा गोंद पाघळतो, टेप सरकते, आणि उघडी तार पत्र्याला टेकून बसते.

शॉर्ट शोधायची एक कंटाळवाणी रीत आहे. आधी सगळे स्विच बंद करायचे. उडालेल्या फ्यूजच्या जागी बारा व्होल्टचा बल्ब जोडायचा. तो भरून पेटला की शॉर्ट आहे. मग त्या लाइनचे कनेक्टर एकेक करून सोडायचे. ज्याला बल्ब विझला, चोर त्याच्या पुढं. बहुतेकदा तो दाराच्या बिजागरीपाशी सापडतो, घासून तांबं उघडं पडलेला. यात धूर नाही, ठिणगी नाही. ठिणगीच हवी असेल तर बॅटरीची काळी वायर न सोडता लाल टर्मिनलला पाना लावा आणि त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकू द्या.

एवढं करून गाडी बंद पडलीच, तर टोचन करून इलेक्ट्रिशियनकडं न्या. तो विचारेल, "कुणी हात लावला होता का?" ठणकावून सांगा, "छे, आपोआप झालं." तो खाली वाकेल, डॅशबोर्डच्या पोटातून लाल-पांढरी पिळाची वायर ओढत ओढत बाहेर काढेल आणि म्हणेल, "मालक, ही घरच्या बेलची वायर बी आपोआपच आली का?"

अशा वेळी मोबाइल कानाला लावून "हॅलो, हॅलो, आवाज येईना" करत रस्त्यावर जावं.