१९५८ ची पावती

सकाळी दुकान उघडायच्या आधी चहा घेत मोबाईल बघितला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर वहिनींनी भूतान ट्रिपचे फोटो टाकलेत. पारोचा कड्यावरचा मठ, थिंपूतला मोठा बुद्ध, फुंत्शोलिंगच्या रंगीत कमानीखाली सगळ्यांचा एकत्र फोटो. खाली लिहिलंय, "जगातला सगळ्यात आनंदी देश. इथं कुणी दुःखीच नाही."

वहिनी माणूस म्हणून सोनं आहेत, राग त्यांच्यावर नाही. पण ते शेवटचं वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. ग्रुपवर लिहिलं असतं तर विनाकारण वाद झाला असता, म्हणून इथं लिहितोय. लांबेल. वेळ असेल तर वाचा.

भूतानच्या दक्षिणेला नेपाळी बोलणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना ल्होत्शांपा म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे. १९८५ ला नागरिकत्वाचा नवा कायदा आला. १९८८ ला जनगणना झाली आणि सरकारी माणसं दारात येऊन विचारायला लागली, १९५८ ची जमीन महसुलाची पावती दाखवा. ५८ चीच. तीस वर्षांपूर्वीचा एक कागद! तो नसेल तर तुम्ही परके. माणसांचे सात प्रकार पाडले, एफ-१ म्हणजे अस्सल भूतानी, ते एफ-७ म्हणजे परके. एका घरात नवरा एफ-१ आणि बायको एफ-४.

हे वाचलं की मला आमच्या नायनम्माची ट्रंक आठवते. आमच्या आजीला आम्ही नायनम्मा म्हणायचो. सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं घर, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. पणजोबा करीमनगरकडून आले आणि जुन्या गिरणीत लागले. नायनम्मानं जन्मभर विड्या वळल्या. तिची पत्र्याची ट्रंक मार्कंडेयाच्या फोटोखाली असायची, आणि ती उघडली की तंबाखूचा वास यायचा.

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या ॲडमिशनला जातीचा दाखला पडताळून हवा होता. एका कार्यालयातल्या साहेबांनी फाईलवरून नजर न उचलता विचारलं, "६७ च्या आधीचं काही आहे का?" १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा. आमचे आजोबा शाळेतच गेले नव्हते, कुठून आणू? शेवटी त्या ट्रंकेच्या तळाशी, चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला चुलत आजोबांचा शाळेचा दाखला सापडला. १९५१ चा. चार घड्या, घडीवर भोकं पडलेली. तो घेऊन गेलो, तर आडनावात एक अक्षर जास्त आहे म्हणून परत पाठवलं. मग अ‍ॅफिडेव्हिट, मग पुन्हा रांग. नऊ महिने. लेक त्या व्हरांड्यात माझ्याशेजारी बसून होती आणि एकदा हळूच म्हणाली, "अप्पा, नाही मिळाला कागद तर आपण कोण?"

मला उत्तर देता आलं नव्हतं.

आणि माझ्याकडून फार तर एक सीट जाणार होती. त्या लोकांचं घर, शेत, देश गेला. १९८९ पासून भूतानी पोशाखाची सक्ती झाली, शाळेतून नेपाळी भाषा काढून टाकली. टेकनाथ रिझाल नावाचा माणूस राजाच्या सल्लागार परिषदेत होता. त्यानं जनगणनेबद्दल राजाकडे अर्ज केला, तिथून सगळं सुरू झालं. दहा वर्षं तुरुंगात काढली त्यानं. १९९० ला लोक रस्त्यावर उतरले, त्यानंतर धरपकड आणि हकालपट्टी. "आम्ही राजीखुशीनं देश सोडतोय" अशा फॉर्मवर सह्या घेतल्या. सही करताना हसायला सांगून फोटो काढले, असं कितीतरी जणांनी सांगितलंय. पुढं हेच फॉर्म त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले.

हो, १९९० च्या आंदोलनात हिंसा झाली, ती चूकच. आणि १९७५ ला शेजारचं सिक्कीम भारतात आलं, त्यामुळे एवढ्याशा राज्याला भीती वाटली असेल, तेही कबूल. पण भीती वाटली म्हणून अंगणात खेळणारी पोरं ट्रकमध्ये घालायची?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. लाखभर माणसं नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांत बांबूच्या झोपड्यांत राहायला लागली, आणि सुटाबुटातली माणसं चर्चेला बसली. १९९३ ते २००३, मंत्रिपातळीवर पंधरा फेऱ्या. पहिल्यांदा ठरलं काय, तर निर्वासितांचे चार वर्ग करायचे. खरोखर हाकललेले, स्वतःहून गेलेले, भूतानी नसलेले आणि गुन्हेगार. म्हणजे पुन्हा प्रकारच! मग सात छावण्यांपैकी एका खुदुनाबारीची तपासणी २००१ मध्ये केली. त्यातच वर्ष संपत आलं. २००३ ला निकाल लागला. बारा हजारांतले खरोखर हाकललेले भूतानी किती? अडीच टक्के. सत्तर टक्के "स्वतःहून गेलेले". ते सह्यांचे फॉर्म आठवतायत ना? त्या वर्षीच्या डिसेंबरात छावणीत लोकांचा संयम सुटला आणि भूतानच्या अधिकाऱ्यांवर दगड पडले. दगड मारायला नको होते. पण त्या दगडांचं निमित्त झालं आणि चर्चा थांबली ती थांबलीच. इतक्या फेऱ्यांनंतर परत किती जण गेले? एकही नाही.

मी शाळा शिकलेला साधा दुकानदार आहे, मला परराष्ट्र धोरण कळत नाही. पण टाळाटाळ कळते. "पुढच्या मंगळवारी या" ही काय चीज असते ते त्या नऊ महिन्यांत मी शिकलोय. थिंपू आणि काठमांडूच्या बैठकांत हेच चाललं होतं. म्हातारे मरेपर्यंत आणि पोरांना गाव आठवेनासं होईपर्यंत तारखा द्यायच्या.

आणि आपण? हे लिहायला जड जातंय. नेपाळ आणि भूतानची हद्द एकमेकांना लागतच नाही, मधे भारत आहे. ते ट्रक आपल्या रस्त्यांवरून नेपाळच्या हद्दीवरच्या मेची नदीकडे गेले. जाताना कुणी अडवलं नाही. हीच माणसं १९९६ ला आणि २००७ ला पायी घरी निघाली, तेव्हा मात्र आपल्या पोलिसांनी अडवली. दिल्लीचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच, हा त्या दोन देशांचा आपसातला प्रश्न आहे. डोकलाम आहे, चीन आहे, भूतान आपला जुना मित्र आहे, सगळं मान्य. पण मित्राला चार शब्द सुनवायचा हक्क मित्रालाच असतो ना?

शेवटी २००६ ला अमेरिका म्हणाली, आम्ही साठ हजार घेतो. मग एकूण आठ देशांनी मिळून एक लाख तेरा हजारांहून जास्त लोक नेले, त्यातले बहुतेक अमेरिकेत. पोरं शिकली, घरं झाली, हे चांगलंच झालं, नाही कशाला म्हणू? पण घरी परत जायचा हक्क तेवढा तसाच राहिला. ज्यानं हाकललं त्याला कुणी काही विचारलंच नाही. आणि २०२५ ला त्याच अमेरिकेनं काही जणांना विमानात बसवून भूतानला धाडलं. भूताननं त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडलं. काही जण कसेबसे नेपाळात पोचले, तर तिथं बेकायदा घुसले म्हणून पकडले आणि मग बेलडांगीच्या छावणीत ठेवले. तीस-बत्तीस वर्षं फिरून माणूस पुन्हा त्याच छावणीत! हे लिहिताना माझा हात थरथरतोय.

बेलडांगी आणि शनिश्चरे या नेपाळात उरलेल्या दोन छावण्यांत अजून हजारो लोक आहेत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी जमिनीचे जुने कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपलेत. दक्षिण भूतानातल्या त्यांच्या सारपांग जिल्ह्यात, गेलेफूला, २०२३ ला नवं भव्य शहर जाहीर झालं. म्हाताऱ्यांच्या हातात अजून त्याच मातीचे कागद आहेत.

लेकीला पडताळणी मिळाली, ती आता शेवटच्या वर्षाला आहे. चुलत आजोबांच्या दाखल्याला तिनंच मागून टेप लावला आणि तो ट्रंकेत होता तिथं ठेवला. मी म्हटलं, आता काय करायचाय तो? ती म्हणाली, राहू दे.

एवढं लिहून झालं आणि वहिनींचाच फोन आला. दुपारी मी ग्रुपवर नुसतं "फोटो बघितले" लिहिलं होतं, त्यांना काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. मी थोडक्यात सांगितलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावजी, आमचा ड्रायव्हर नेपाळी बोलायचा. फार चांगला पोरगा. गाव कुठलं विचारलं तर सारपांग म्हणाला. काका-काकू अमेरिकेत असतात, त्यांना कधी बघितलं नाही म्हणाला. मला वाटलं, नोकरीला गेले असतील."