व्हॅटिकनमधला तो चेहरा अ‍ॅस्पेशियाचाच, हे कशावरून?

व्हॅटिकन संग्रहालयातल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या एका संगमरवरी स्त्रीचा फोटो बराच फिरतो आहे. सोबतच्या मजकुराचा दावा असा: ही अथेन्सचा राजकारणी पेरिक्लीस याची सहचरी अ‍ॅस्पेशिया, हुबेहूब. रोमनांना स्वतःचं काही सुचत नव्हतं, त्यांनी ग्रीक पुतळ्यांच्या नुसत्या नकला केल्या. म्हणूनच ग्रीक कवयित्री सॅफो, अ‍ॅस्पेशिया खऱ्या कशा दिसत होत्या ते आज आपल्याला कळतं. या स्त्रियांबद्दल लोकांना कुतूहल वाटतं याचा आनंद आहे. पण त्यांच्यावर भलताच चेहरा लादला जाऊ नये.

आधी नाव. चौकोनी खांबावर मस्तक अशा घडणीचं हे शिल्प 1777 मध्ये इटलीतल्या चिविताव्हेक्कियाजवळ सापडलं. त्यावर ग्रीक लिपीत ‘अ‍ॅस्पेशिया’ कोरलं आहे, हे खरं. पण शिल्प रोमन काळातलं आणि अ‍ॅस्पेशिया इसवी सनपूर्व पाचव्या शतकातली. हा चेहरा तिचा, असं रोमन काळात मानलं जाई, एवढंच त्या अक्षरांवरून ठरतं. पेरिक्लीसचंही असंच नाव कोरलेलं शिल्प व्हॅटिकनमध्ये आहे, मात्र त्याला बाहेरून आधार मिळतो: शिल्पकार क्रेसिलासने त्याचा पुतळा घडवल्याचं रोमन लेखक प्लिनी लिहितो आणि अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर त्या दोघांच्या नावांचे अवशेष असलेला चौथऱ्याचा तुकडा सापडला आहे. अ‍ॅस्पेशियाच्या चेहऱ्यामागे असा दुसरा साक्षीदार उभा नाही.

सॅफोचं प्रकरण याहून सरळ आहे. ती इसवी सनपूर्व 600 च्या सुमाराची. तिचा गाजलेला ब्राँझ पुतळा शिल्पकार सिलानियॉनने घडवला तो इसवी सनपूर्व चौथ्या शतकात, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी. त्याच्यापुढे तिच्या कविता होत्या, चेहरा नव्हता. सिसिलीतल्या सिराक्यूजमधला तो पुतळा रोमन सुभेदार वेरेसने पळवला आणि मागे फक्त चौथरा उरला, असं रोमन वकील सिसेरो इसवी सनपूर्व 70 मधल्या खटल्याच्या भाषणांत सांगतो. आज संग्रहालयांत ‘सॅफो’ म्हणून दाखवली जाणारी मस्तकं फार तर अशा कल्पनाचित्रांच्या प्रती आहेत.

‘नुसत्या नकला’ या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. नेपल्सजवळच्या बायाए इथे 1954 मध्ये ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून काढलेल्या प्लास्टरच्या ओतीव प्रतींचे तुकडे मिळाले. म्हणजे काटेकोर प्रत काढण्याची सोय रोमन कारागिरांकडे होती. पण त्यांनी तेवढंच केलं का? इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन नगरात अठराव्या शतकाच्या आरंभी वस्त्रांत लपेटलेल्या स्त्रियांचे पुतळे निघाले, जे आता जर्मनीत ड्रेस्डेनला आहेत. त्यांचा मूळ नमुना ग्रीक, इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरचा मानला जातो. त्याच धाटणीचे पुतळे रोमन साम्राज्यभर गावोगावी उभे राहिले, आणि त्यांतल्या कित्येकांवर त्या-त्या गावातल्या प्रतिष्ठित बाईचं मस्तक आहे, अनेकदा वेगळं घडवून बसवलेलं. कुलीन, मर्यादशील स्त्री कशी उभी राहते हे दाखवायला जुनं शरीर, आणि ती कोण हे सांगायला नवा चेहरा. ही जाणीवपूर्वक केलेली निवड होती. तिला सुचण्याचा दुष्काळ म्हणणं अन्यायाचं आहे. शिवाय हे पुतळे पांढरेशुभ्र नव्हते. याच धाटणीच्या, डेलोस बेटावरच्या एका पुतळ्यावर रंगाचे अंश आजही सापडतात.

एखाद्या ग्रीक स्त्रीचा नावानिशी सिद्ध असलेला पुतळाच पाहायचा असेल तर रोमन प्रतीकडे जायची गरजही नाही. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात र‍्हॅम्नूसची अरिस्टोनोई आहे: इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातली, नेमेसिस देवीची पुजारीण. पुतळा मूळ ग्रीक, आणि तो तिचा मुलगा हिएरोक्लीस याने अर्पण केल्याचं चौथऱ्यावर कोरलेलं आहे.