मुसोलिनी म्हणे डावा, निवडून आलेला आणि वक्तशीर

सध्या ग्रुपाग्रुपांतून एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी मुळात समाजवादी, म्हणजे फॅसिझम ही डाव्यांचीच पैदास; त्याला जनतेने निवडून दिलं; त्याने रेल्वे वेळेवर धावायला लावली; आणि 1945 साली हे प्रकरण कायमचं मिटलं.

पहिला मुद्दा अर्धा खरा, म्हणूनच पटकन गळी उतरतो. मुसोलिनी समाजवादी पक्षाच्या ‘अवांती’ दैनिकाचा संपादक होता. पण 1914 मध्ये, इटलीने महायुद्धात उतरलंच पाहिजे असा धोशा लावल्यावर पक्षाने त्याला हाकललं. 1919 मध्ये मिलानला त्याने नवी, फॅसिस्ट संघटना काढली. तिच्या त्या वर्षीच्या जाहीरनाम्यात आठ तासांचा दिवस, स्त्रियांना मताधिकार, भांडवलावर कर असं बरंच काही होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मिलानमध्ये पाच हजार मतंही पडली नाहीत, आणि जाहीरनामा बासनात गेला.

खरी वाढ झाली ती 1920 च्या अखेरीपासून, पो नदीच्या खोऱ्यात. तिथे शेतमजुरांच्या संघटना मजुरीचा दर ठरवत, कामावर कोण जाणार हेही ठरवत. जमीनदारांना ते सलत होतं. त्यांनी पैसा पुरवला. काळे शर्टवाले, म्हणजे फॅसिस्टांच्या टोळ्या, ट्रकमधून गावात उतरायच्या, संघटनेचं कार्यालय पेटवायच्या, पुढाऱ्याला घराबाहेर ओढून दंडुक्यांनी बडवायच्या आणि घशात एरंडेल ओतायच्या. मार खाणारे बहुतेक समाजवादीच. सत्ता हाती आल्यावर 1925 मध्ये कारखानदारांच्या संघटनेशी करार, 1926 मध्ये संपावर बंदी. याला डावं म्हणायचं असेल तर उजवं कशाला म्हणायचं, तेही त्या मजकुरात लिहायला हवं होतं.

निवडून दिलं म्हणे! 1921 च्या निवडणुकीत फॅसिस्टांना 535 पैकी जेमतेम 35 जागा, त्याही जुन्या उदारमतवादी पुढाऱ्यांनी आपल्या आघाडीत घेतलं म्हणून. ऑक्टोबर 1922 मध्ये काळे शर्टवाले रोमकडे निघाले, तेव्हा पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने सही नाकारली. मुसोलिनी स्वतः मिलानमध्येच बसून होता; राजाचं बोलावणं आल्यावर रात्रीच्या गाडीने रोमला गेला. मग 1923 मध्ये कायदा केला: पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊन जो पहिला येईल त्याला दोन तृतीयांश जागा. 1924 ची निवडणूक त्या कायद्याखाली, मारहाणीच्या छायेत झाली. समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांनी 30 मे रोजी संसदेत त्या गैरप्रकारांचा पाढा वाचला. 10 जूनला त्यांना भर रोममध्ये मोटारीत कोंबून नेलं. प्रेत ऑगस्टमध्ये सापडलं.

रेल्वेचं काय? युद्धात मोडकळीला आलेल्या मार्गांची दुरुस्ती आधीच सुरू झाली होती, जाहिरात मात्र मुसोलिनीची झाली.

आणि ‘मिटलं’ म्हणाल तर, डिसेंबर 1946 मध्येच मुसोलिनीच्या शेवटच्या राजवटीतल्या माणसांनी ‘इटालियन सामाजिक चळवळ’ हा पक्ष काढला. ग्रीसमध्ये ‘गोल्डन डॉन’ हा नवनाझी पक्ष 2012 मध्ये संसदेत पोचला; त्याच्या समर्थकाने 2013 मध्ये रॅपर पाव्लोस फिसास याचा खून केल्यानंतर खटला चालला आणि 2020 मध्ये न्यायालयाने त्या पक्षाला गुन्हेगारी टोळी ठरवलं. प्रत्येक उजव्या पक्षाला फॅसिस्ट म्हणणं हा आळस आहे, आणि इटलीत 2022 मध्ये पंतप्रधान झालेल्या जॉर्जिया मेलोनींच्या सरकारला मी तसं म्हणतही नाही. पण त्यांच्या पक्षाच्या चिन्हातली तिरंगी ज्योत त्या 1946 च्या पक्षाचीच आहे.