बोअरच्या पाण्याला दोष देऊ नका: सिक्लिडबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सिक्लिड हे शोभेचे मासे घरच्या काचेच्या टाकीत पाळण्याविषयीचा एक मेसेज सध्या फिरतोय. थोडक्यात तो असा: खान्देशातलं बोअरचं पाणी जड, त्यात सिक्लिड मरतात, म्हणून आरओचंच (क्षार गाळून काढणाऱ्या घरगुती यंत्राचंच) पाणी भरा. दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासून काढा. उन्हाळ्यात बर्फ टाका, हीटर आपल्याकडे लागतच नाही. मासा टाकीएवढाच वाढतो, दोन फुटी टाकी पुरे. नाहीच जमलं तर नदीत सोडून द्या.

हे वाचून हौशी माणूस पैसे घालवतो आणि मासेही गमावतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पाण्याचं. सिक्लिड ही एक जात नाही, ते मोठं कुळ आहे. त्यातला डिस्कस अ‍ॅमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. त्याच्यापुरता मेसेज बरोबर आहे, आपल्याकडे त्याच्या वाटेला न गेलेलंच बरं. पण दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणून मिळणारे पिवळे-निळे मासे बहुतेक मलावी सरोवरातले असतात. त्या सरोवराचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ७.७ ते ८.६, म्हणजे पाणी अल्कधर्मी. काळ्या खडकातून नि तापीच्या गाळातून झिरपून आलेलं आपलं पाणीही बहुतेक ठिकाणी अल्कधर्मीच असतं आणि त्याचा जडपणा हे मासे सहज पेलतात. नळाच्या तोंडाशी साचणारा जो पांढरा थर आपण वैतागून खरवडतो, त्यातलं कार्बोनेटच टाकीतला सामू धरून ठेवतं. आरओ नेमकं तेच काढून टाकतं. नुसत्या आरओच्या पाण्यात सामू घसरायला वेळ लागत नाही, आणि मलावीच्या माशाला ती घसरण झेपत नाही. शिवाय घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी गटारात सोडतं. चार-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टीडीएस मीटरवरचा आकडा पाहून घाबरू नका. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, कोणते ते सांगत नाही. त्यापेक्षा थेंबांची चाचणी घ्या: छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, चाचणीच्या बाटलीतल्या द्रावणाचा एकेक थेंब टाकून हलवायचं, निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे. कार्बोनेट किती ते कळतं. नगरपालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन मारणारं औषध टाकायला विसरू नका.

मग मासे मरतात कशाने? बहुतेक वेळा अमोनियाने, आणि इथे मेसेजचा दुसरा सल्ला सगळ्यात घातक ठरतो. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, वाळूत वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी रिकामी करून घासली, स्पंज नळाखाली पिळला, की ती वस्ती गेली. त्यात आपलं पाणी अल्कधर्मी. सामू ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ असेल तर २५ अंशांनाच तो पाच टक्क्यांच्या वर जातो. पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे जे पाणी मलावीच्या माशाला मानवतं, त्याच पाण्यात घाण साचू देणं जास्त महागात पडतं. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळा. बस्स. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात; म्हणून नुसती वरून भर घालत राहू नका, जुनं पाणी काढून मग नवं घाला.

बर्फाने पाणी झटक्यात थंड होतं आणि मासा आजारी पडतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा खरी भीती प्राणवायूची असते: २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना ७ च्याही आत. झाकण थोडं उघडं ठेवून पाण्यावर छोटा पंखा लावा. आपल्या कोरड्या हवेत त्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप आधी घ्या, शोभेची झाडं नंतर. रात्री वीज गेली आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तेवढाच उपयोगी पडतो.

हीटर लागतो. धुळ्यात थंडीत पारा दहाच्या खाली येतो आणि या माशांना २४ ते २८ अंश हवेत.

टाकीएवढाच मासा वाढतो, हे खोटं. वाढ खुंटते ती कोंडल्यामुळे आणि घाण पाण्यामुळे, आणि त्यात मासा आजारी पडतो. ऑस्कर नावाचा सिक्लिड एक फुटाचा होतो. मलावीचे नर जागेसाठी एकमेकांना फाडतात. त्यांना चार फुटी टाकी, भरपूर दगडांच्या कपारी आणि एका नरामागे तीन-चार माद्या द्या.

नदीत सोडण्याचा सल्ला मात्र मेसेजमधून आजच काढून टाका. तिलापिया हाही सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि पुढे देशभरातल्या तलावांत-नद्यांत पसरून स्थानिक माशांना भारी पडला. गिरणा, तापी, पांझरा या नद्यांत आणखी परके मासे नकोत. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा ज्याच्याकडे मोठी टाकी आहे त्याला द्या. फुकट म्हटलं की घेणारा मिळतो.