टण्!

परवा नवा फ्रिज आला. जुना एक्स्चेंजमध्ये गेला आणि जाताना त्याच्या दारावरची माझी सगळी मॅग्नेट्स नवऱ्यानं ओरबाडून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरली. संध्याकाळी मोठ्या हौसेनं पहिली पवनचक्की लावली, ॲमस्टरडॅमची. टण्. खाली. म्हटलं, मॅग्नेट जुनं झालं असेल. लिस्बनची पिवळी ट्राम लावली. टण्. ब्रसेल्सचा तो शू करणारा पोरगा तर असा आपटला की मुंडकं ओट्याखाली आणि धड माझ्या हातात.

काच! अख्ख्या दाराला काच! दुकानातल्या त्या पोरानं लिटर सांगितले, स्टार सांगितले, बर्फ किती मिनिटांत होतो ते सांगितलं, "पुसायला एकदम सोपं मॅडम" सांगितलं. ह्यावर काही म्हणून चिकटणार नाही हे सांगायला काय त्याचे दात दुखत होते? व्हेनिसवाल्यांनी १२९१ साली आगीच्या भीतीनं काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर धाडल्या होत्या. फ्रिजला काच बसवायची अक्कल ज्याला सुचली, त्यालाही असंच कुठल्या तरी बेटावर सोडून यायला हवं. होडी परत आणायची.

नवरा म्हणतो, "दार कसं स्वच्छ दिसतंय!" स्वच्छ? अहो, त्या आयफेल टॉवरखाली सोळा वर्षं लाइटबिल राहिलंय. तो टॉवर काय फुकट आलाय? टूरवाल्यानं खरेदीला वीस मिनिटं दिलेली. टॉवरसमोरच्या त्रोकादेरो चौकात चादर पसरून बसलेल्या पोराला मी नोट दिली, तेवढ्यात पोलीस दिसले, आणि हा चादरीची टोकं ओढून माझ्या सुट्ट्यांसकट पसार! ते युरो अजून माझ्या डोक्यात आहेत.

आणि व्हिएन्ना तर काढूच नका. तिथल्या एर्विन पेर्झीनं १९०० साली ऑपरेशनच्या दिव्याचा उजेड वाढवायला खटपट केली आणि त्यातून निघाला तो बर्फाचा काचगोळा. हेर्नाल्स भागात त्याचं कुटुंब अजून ते गोळे बनवतं. तिथपर्यंत ट्राम बदलत जाऊन एक आणला. फुटेल म्हणून जिवापाड जपून हातातल्या बॅगेत ठेवला. सिक्युरिटीवाल्या बाईनं उचलला, हलवला, आत पडणारा बर्फ कौतुकानं बघितला आणि टाकला कचऱ्यात. १०० मिलीपेक्षा जास्त पाणी! नियम मलाही पाठ होता. म्हणूनच उरलेलं लोणचं मी शहाण्यासारखं मोठ्या बॅगेत भरलं होतं. लोणचं घरी सुखरूप पोचलं.

लोकांसाठी आणावं तर त्यांची वेगळीच तऱ्हा. मामेसासऱ्यांना स्वित्झर्लंडहून गायीच्या गळ्यातली घंटा आणली. त्यांनी ती गणपतीच्या आरतीला काढली आणि वर मलाच म्हणाले, "आवाज जरा बसका आहे हो." जाऊबाईंना रशियन बाहुली दिली, एकीच्या पोटात एक अशा पाच. त्यांनी पाचही उघडून बघितल्या, आत आणखी काही नाही ह्याची खात्री केली आणि म्हणाल्या, "असलं तुळशीबागेत मिळतं की!" मग आणायचं होतंत तुळशीबागेतून! ह्याच बाई दर वेळी "आम्हाला काही आणू नकोस गं" म्हणतात आणि नाही आणलं की दिवाळीपर्यंत गाल फुगवून बसतात.

दुकानदाराशी भांडायचंच म्हणून काल फ्रिजचं बिल शोधलं. 'वाइन कलर, फ्लोरल ग्लास डोअर.' बोगनवेलीसारखी नक्षी बघून मीच हट्ट धरला होता. नवरा बिचारा साध्या राखाडी पत्र्याच्या दाराकडे बोट दाखवत होता. तीन हजारांनी स्वस्तही होता तो.

बिल घडी करून परत ठेवलं. लावायला आता आयफेलही नाही.

मग चिकटवायला घरभर लोखंड शोधत हिंडले. खिडकीच्या गजांना काही बसेना. शेवटी ओट्याखालचा गॅस सिलिंडर सापडला. त्याच्या गोल पोटावर चपटी मॅग्नेट्स सरकतात, पण प्रागचं ते जुनं घड्याळ मात्र झकास बसलं. मी दोनदा वाकून वाकून बघितलं.

आज सकाळी गॅस संपला. मी अंघोळीला गेले होते. नवऱ्यानं तत्परतेनं रिकामा देऊन भरलेला घेतला.


प्राग गेलं.