मागच्या चाकांत हवा कमी पडली ही आमची चूक, पण दादा पुढे ६५ नका ठेवू

दादा नमस्कार, टायरच्या दुकानाचा मालक बोलतोय. तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला, उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण त्या दिवशी मी दुकानात नव्हतो आणि नक्की काय झालं ते बघितल्याशिवाय नुसतं सॉरी लिहून टाकायचं नव्हतं.

तुमचं म्हणणं असं की टोमॅटोची पिकअप भरून नारायणगाववरून वाशीला निघालात, हवा बघायला आमच्याकडे थांबलात, चारही चाकांत ६५ पॉइंट (म्हणजे पीएसआय, हवेचा दाब) भर असं सांगितलं तर आमच्या पोराने ऐकलं नाही, उलट मागच्या चाकांतली हवा सोडली, माळशेजच्या वळणांवर गाडी मागून डुलायला लागली आणि घाट उतरल्यावर दुसऱ्या दुकानात चारही ६५ करून घेतल्यावर तुमच्या जिवात जीव आला. शिवाय आमच्याकडून घेतलेला पुढचा टायर अकरा महिन्यांत गुळगुळीत झाला म्हणून त्याचा फोटो टाकलाय आणि माल खराब आहे असं लिहिलंय.

आधी डुलण्याचं सांगतो कारण त्यात तुमचं बरोबर आहे. पोराला समोर बसवून सगळं विचारलं. तुमच्या दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर आहे, त्याने ते वाचलं होतं, पुढे ३६ आणि मागे फुल लोडला ५४. तुमच्या मागच्या चाकात मीटरने ६१ दाखवले, त्याला वाटलं जास्त आहे, म्हणून सोडून ५४ केली. (हे आकडे तुमच्याच गाडीचे आहेत, दुसऱ्या कोणी वाचून आपल्या गाडीत भरू नयेत म्हणून गाडीचं नाव लिहीत नाही, ज्याने त्याने आपल्या दारावर बघा.) पण स्टिकरवरचा आकडा हा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असली पाहिजे किंवा फार तर दीड दोन किलोमीटर चाललेली. तुमची गाडी शेतावरून भरून ३० किलोमीटर पळून आलेली, दुपारचे अडीच वाजलेले, डांबर तापलेलं. टायर तापला की आतली हवा फुगते आणि मीटर वर जातो, एवढ्या हवेला १० डिग्रीमागे साधारण २ पॉइंट धरा. म्हणजे तुमचे ६१ हे थंड टायरचे ६१ नव्हतेच, गरम टायरची हवा कधी सोडायची नसते, हे आमच्या पोराला माहीत असायला पाहिजे होतं आणि ते शिकवणं माझं काम होतं.

आणि एवढ्यावरच थांबलं नाही. सोमवारी ओळखीच्या दोन दुकानांतून त्यांचे मीटर मागून आणले, एक नवीन विकत घेतला, आणि आमचा जुना धरून चारही एकाच चाकाला लावून बघितले. बाकीचे तिघं एका पॉइंटच्या आत जुळले, आमचा ४ जास्त दाखवत होता. पाइपला लटकणारा मीटर आहे तो, दिवसातून दहा वेळा जमिनीवर आपटतो आणि आम्ही कधी तपासलाच नाही. म्हणजे हिशोब करा, पोराने ५४ केली तेव्हा खरी हवा ५० आणि तीही तापलेली, सकाळी थंड टायरला मोजली असती तर ४५ च्या आसपास भरली असती. पाहिजे ५४ आणि आहे ४५, वर ८० क्रेट, २० किलोच्या हिशोबाने १६०० किलो नुसता माल, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं, १७०० ची गाडी अगदी काठोकाठ भरलेली. अशा वेळी टायरची बाजू दबत राहते, प्रत्येक फेऱ्याला मुडपते, त्याने आणखी तापते, आणि वळणावर गाडी डुलणारच. तुम्हाला जाणवलं ते खरं होतं, वहम नव्हता. मनापासून माफी मागतो दादा, घाटात काही झालं असतं तर त्याला भरपाई नव्हती. तो मीटर फेकून दिलाय. नवीन घेतलाय त्याच्याशी दर सोमवारी बाकीचे ताडून बघायचे असं ठरवलंय आणि गरम गाडी आली तर हवा सोडायची नाही, फक्त कमी असेल तर भरायची, असं पोरांना सांगितलंय.

आता ६५ चं. इथे मात्र मी तुमची बाजू घेऊ शकत नाही, राग आला तरी चालेल.

टायरच्या कडेवर ६५ लिहिलंय ना, त्याच्या शेजारी किलोचा आकडापण आहे, तो वाचा. त्याचा अर्थ एवढाच की हा टायर जास्तीत जास्त इतकं वजन उचलेल आणि त्या वजनाला इतकी हवा लागेल. टायरवाल्या कंपनीला काय माहीत तो कुठल्या गाडीला बसणार आहे, तोच टायर दोन चार वेगवेगळ्या गाड्यांना चालतो. तुमच्या गाडीच्या पुढच्या एक्सलवर किती वजन येतं आणि मागच्यावर किती हे गाडीवाल्या कंपनीला माहीत असतं, म्हणून पुढचा आकडा वेगळा आणि मागचा वेगळा, मागचापण रिकामीला वेगळा आणि भरलेलीला वेगळा. तुम्ही हौदात ८० क्रेट टाका नाहीतर १०, ते वजन जवळपास सगळं मागे जातं, पुढे फार फरक पडत नाही. मग पुढे ६५ कशासाठी? इंजिन तेवढंच, केबिन तेवढीच.

पुढे ६५ भरल्यावर काय होतं ते तुमच्याच फोटोत आहे. मी तो फोटो मोठा करून चांगला बघितला. मधला पट्टा पार सपाट, झिजेच्या खुणेला टेकलाय, आणि दोन्ही खांद्यांचे, म्हणजे कडांचे, गुटके अजून उभे आहेत. हवा जास्त असली की टायर मधोमध फुगतो आणि फक्त मध्यावर चालतो. कमी हवेत उलटं होतं, दोन्ही खांदे जातात आणि मध्य राहतो, आणि अलाइनमेंट बिघडली असेल तर एकाच बाजूने खातो. तुमच्या टायरची झीज जास्त हवेची आहे, मालाची खराबी नाही, त्यामुळे त्या टायरचे पैसे मी परत देणार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण पैशापेक्षा मला काळजी ब्रेकची वाटते. ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं आणि तिथेच तुमचा टायर चार बोटं रस्त्यावर टेकलेला. माळशेजला पावसाळ्यात रस्ता ओला असतो, धुक्यात समोरची गाडी दहा पावलांवर दिसते, तिथे हीच गाडी थांबायला जास्त अंतर घेणार. स्टेअरिंग हलकं लागतं म्हणून ड्रायव्हर लोकांना ६५ आवडते, मला माहितेय, मीपण आधी सात वर्षं वाशी मार्केटची गाडी मारलीय आणि तेव्हा मीपण असंच भरायचो.

येताना रिकामी गाडी येते तेव्हाचं काय, हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) भरलेल्या वजनासाठी बनवलेले, त्यात हवापण भरलेल्या वजनाची, म्हणून रिकामी पिकअप मागून उडते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला मागचं चाक सरकतं. वाशीत माल उतरवून कोणी हवा सोडत बसणार नाही आणि परत भरताना विसरला तर जास्त धोका, म्हणून रोजची फेरी असेल तर मागे लोडचीच हवा राहू द्या, येताना घाटात हळू चालवा. सीझन संपला, गाडी महिनाभर रिकामीच फिरणार असं असेल तेव्हा मागची हवा रिकामीच्या आकड्यावर आणा. स्टेपनीत मात्र कायम मागची लोडची हवा ठेवा, रस्त्यावर सोडता येते, भरता येत नाही.

दुसऱ्या दुकानवाल्याने नायट्रोजन भरला असता तर टायर तापलाच नसता असं तुम्हाला सांगितलं म्हणे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो दादा. हवा कमी असेल तर नायट्रोजनचा टायरपण तितकाच दबणार आणि तितकाच तापणार.

आता माझी विनंती. मागचे दोन्ही टायर कमी हवेत फुल लोडवर घाट उतरलेत. बाहेरून काही दिसणार नाही, पण ट्यूबलेस टायर असा दबून पळाला की आतली बाजू घासते आणि आत काळी भुकटी पडते, ते रिमवरून उतरवल्याशिवाय कळत नाही. असा टायर पुन्हा ५४ भरून नीट चालतोय असं वाटतं आणि एक दिवस बाजूने फाटतो. म्हणून पुढची फेरी भरायच्या आधी गाडी घेऊन या. तुमच्या गावावरून येईपर्यंत टायर तापणार, त्यामुळे जमलं तर रात्रीच आमच्या अंगणात लावून जा, मी सकाळी सहाला स्वतः असतो, थंड टायरला चारही चाकं आणि स्टेपनी तुमच्यासमोर नवीन मीटरने मोजू. मागचे दोन्ही उतरवून दाखवतो, त्याचे काही पैसे नाहीत. भुकटी किंवा चीर दिसली तर तो टायर मी नवीन देतो, किती झिजलाय ते न मोजता. आणि तोपर्यंत एवढं कराच, उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी घराजवळ कुठेतरी पुढच्या दोन्ही चाकांतली हवा ३६ वर आणा.